फुकट कुस्ती महाग पडते

कुस्ती तिकीट काढून बघावी, हे सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला पटवून देणं म्हणजे म्हशीला पासबुक वाचून दाखवण्यासारखं आहे. ती सगळं शांतपणे ऐकून घेते, मधूनमधून कान हलवते आणि शेवटी शेपटीचा एक फटका आपल्याच तोंडावर मारते. हाच माणूस सिनेमाला दोनशे रुपये मोजतो, मध्यंतरात मूठभर मक्याच्या लाह्यांना आणखी दीडशे देतो. देवदर्शनाची रांग चुकवायची असेल तर पासही निमूटपणे काढतो. पण कुस्तीच्या मैदानाबाहेर 'प्रवेश फी' अशी पाटी दिसू दे, लगेच म्हणतो, "कुस्तीला पैसे? आमच्या आज्यानं कधी दिले नाहीत!" आज्याने सिनेमालाही दिले नव्हते, पण ते इथं कुणी विचारात घेत नाही.

मी स्वतः पैलवान नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्म सांगलीचा, नोकरी साताऱ्याची, शिक्षण बी. कॉम., वजन चष्म्यासकट त्रेसष्ट किलो. आयुष्यात मी एकदाच शड्डू ठोकला, तोही मांडीवर बसलेला डास मारताना. पण वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जगात फुकट असं काही नसतं. कुठं ना कुठं रक्कम नावे पडलेलीच असते; फक्त ती कुणाच्या खात्याला पडली, ते शोधावं लागतं. फुकटच्या कुस्तीचं खातं मी असंच उघडून बघितलं आणि माझं स्पष्ट मत झालं की, आपल्याकडं फुकट कुस्तीइतकी महाग करमणूक दुसरी नाही.

आता हिशेबच मांडू. यात्रेच्या मैदानाची पत्रिका येते. त्यावर लिहिलेलं असतं, 'कुस्त्या दुपारी ठीक तीन वाजता सुरू होतील.' 'ठीक' हा शब्द मराठीत बहुधा याच एका कामासाठी शिल्लक राहिला आहे. तीनला हलगी कडाडते, लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, आणि खरं सांगायचं तर त्याच सगळ्यांत सुंदर असतात. पन्नास-शंभर रुपयांच्या इनामासाठी ती पोरं जीव खाऊन लढतात, जिंकलेलं पोर नोट मुठीत घेऊन फेरी मारतं आणि हरलेलं माती झाडत आईकडं बघतं. इथवर सगळं झकास. मग ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो, "आता मान्यवरांचं आगमन झालेलं आहे," आणि कुस्ती जी थांबते ती थांबतेच.

फेटा, शाल, श्रीफळ. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचा सत्कार, ज्यांनी वर्गणी देऊ म्हटलं त्यांचा सत्कार, आणि ज्यांनी मागच्या वर्षी देऊ म्हटलं होतं त्यांचाही, म्हणजे निदान यंदा तरी देतील म्हणून. एका गावात मी घड्याळ लावून बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी मला तिथं पुन्हा जायचं आहे. एक नंबरची कुस्ती नऊ मिनिटं चालली. तिच्या आधीचे सत्कार दोन तास चाळीस मिनिटं चालले. तोवर ते दोन पैलवान अंग तापवून कडेला बसलेले. तापलेलं अंग निवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. आपण दुसऱ्यांदा गरम केलेला चहासुद्धा पीत नाही, आणि त्या अंगांनी मात्र ढाक टाकावी, घिस्सा मारावा अशी आपली अपेक्षा!

एवढं करून कुस्ती लागते ती मान्यवरांच्या 'हस्ते'. दोन पैलवान हात मिळवून उभे राहतात आणि त्यांच्या मधे सतरा माणसं फोटोला घुसतात. मागच्या रांगेतल्या आम्हाला पैलवान दिसतच नाहीत, नुसते फेटे दिसतात. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून पुरं केलं. मधे खोलगट हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी, ही त्यामागची दृष्टी. आमच्या फुकटच्या मैदानात पहिल्या रांगेत सोफे असतात आणि शेवटच्या माणसाला सोफ्यांच्या पाठी दिसतात.

याबद्दल कुणावर रागावण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याने पाच लाखांचं इनाम लावलं, त्याने दहा मिनिटं भाषण केलं तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार? आपण काय दिलं? टाळ्या. आणि टाळ्या कुठल्याही बँकेत वटत नाहीत. जो दमडी देत नाही त्याला तक्रार करता येत नाही. त्याला फक्त उठून जाता येतं, आणि तेही आम्हाला जमत नाही, कारण मागून कुणीतरी जागा पकडतो.

हे मत मी आमच्या शाखेत चहाच्या वेळी मांडलं, तेव्हा आमचे हेडकॅशिअर एकदम उसळले. त्यांचा भाचा न्यू जर्सीला असतो, त्यामुळे अमेरिकेवर बोलण्याचा अधिकार शाखेत त्यांच्याकडं आहे. म्हणाले, "पैसे देऊन काय होतं ते आमच्या भाच्याला विचारा! तिकडं बॉक्सिंग घरच्या टीव्हीवर बघायला प्रत्येक वेळी वेगळे पैसे भरावे लागतात. केबलवाल्याचे नेहमीचे पैसे वेगळे, हे वेगळे. ठोसे बघायचे त्यांचे आणि फटका बसायचा आपल्याला!"

आणि खरोखरच त्यांनी सांगितलेला किस्सा साधा नव्हता. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत झाली. 'शतकातली लढत' अशी तिची जाहिरात होती. शतकाची अजून पंच्याऐंशी वर्षं शिल्लक होती, हे कुणी लक्षात घेतलं नाही. घरी बसून बघायला नव्वद ते शंभर डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या आसपास. अमेरिकेत ४६ लाख ठिकाणी ती अशी विकत घेतली गेली. भाच्याने दहा मित्र जमवून वर्गणी काढली, वर चिवडा आणि वडे केले, आणि बारा फेऱ्या सगळे बघत बसले. मेवेदर निसटत राहिला, दुसरा त्याला शोधत राहिला, आणि शेवटी मेवेदर गुणांवर जिंकला. त्यानंतर पॅकियाओच्या खांद्याला आधीपासूनच दुखापत होती, असं बाहेर आलं. चिडलेले प्रेक्षक कोर्टात गेले. तिथं २०१७ साली निकाल लागला आणि २०१९ साली वरच्या कोर्टानेही तोच कायम केला. त्याचा मथितार्थ असा की, तुम्ही लढत बघायचे पैसे दिलेत, लढत तुम्हाला दिसली, आता घरी जा. ती चांगली व्हावी, असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

हेडकॅशिअरांचा दारूगोळा एवढ्यावर संपला नाही. १९९५ साली माइक टायसन तुरुंगातून सुटून पहिल्यांदा रिंगणात उतरला. समोर मॅकनीली नावाचा गडी. लोकांनी पैसे भरले, खुर्च्या सरकवल्या, आणि ८९ सेकंदांत खलास! मॅकनीलीचा मॅनेजरच रिंगणात शिरला आणि त्याचा माणूस बाद झाला. न्यू जर्सीत तेवढ्या वेळात चिवड्याची पिशवीसुद्धा फुटत नाही. त्याच्याही आधी, १९७६ साली तोक्योमध्ये मुहम्मद अली आणि जपानी पैलवान इनोकी यांची जोड लागली होती. बॉक्सर विरुद्ध पैलवान! अमेरिकेतल्या लोकांनी थिएटरांत आणि स्टेडियमवर तिकिटं काढून ती पडद्यावर बघितली. इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अलीने मोजून सहा ठोसे टाकले, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. प्रेक्षकांनी 'पैसे परत द्या' म्हणून गिल्ला केला. "आता बोला," हेडकॅशिअर म्हणाले, "काढा तिकीट!" आणि त्यांनी माझ्या वाटणीचं बिस्किट विजयी मुद्रेने उचललं.

बिस्किट गेलं, पण मुद्दा जात नाही. या तिन्ही गोष्टींत दोष पैशाचा नाही. एकेक करून बघा.

पहिलं, सेकंदांचं. कुस्ती ही काही सायकल नव्हे, तासाच्या भाड्याने घ्यायला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षे याने महेंद्र गायकवाडला अवघ्या ५५ सेकंदांत चितपट केलं. त्या ५५ सेकंदांच्या मागे किती वर्षांचे जोर-बैठका आणि पहाटे चारचे गजर असतील! ते आपण बघत नाही, पण पैसे आपण त्याचेच देत असतो. घराची किल्ली हरवली आणि कुलूपवाल्याने दोन मिनिटांत दार उघडलं, तर आपण त्याला "दोनच मिनिटं लागली, आता कमी घे" म्हणतो खरं. पण तो देत नाही आणि आपण मनातून त्याला मानतो. निकाली कुस्ती एका मिनिटाची असली तरी वसूल होते. न वसूल होणारी कुस्ती ती, जिच्यात दोघेही एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखे फिरतात.

दुसरं, अशा वेळी मैदानातला माणूस काय करतो? ओरडतो! "निकाली करा! निकाली करा!" पंच पुढे सरसावतात, निवेदक चिमटा काढतो, हलगीवाला वाजवणं वाढवतो, आणि दोन मिनिटांत कुणाचा तरी हात पटाला जातो. न्यू जर्सीतला भाचा सोफ्यावरून किती ओरडला तरी लास व्हेगासला ऐकू जाणार होतं का? शेजारच्या घरात गेलं, आणि तिथून तक्रार आली. घराघरांत एकेकटा बसलेला प्रेक्षक म्हणजे पासबुक नसलेला खातेदार. पैसे आगाऊ भरायचे, आणि व्याज मिळालं का, असं विचारायची सोयच नाही. इनोकीची कुस्ती आमच्या पलूस-कुंडलकडच्या मैदानात लागली असती तर तिसऱ्या मिनिटाला लोकांनीच सोडवली असती. आमच्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपते. तिथं पाठ टेकून सुरू झाली होती!

तेव्हा शंभर डॉलर भरून, सहा महिने जाहिराती ऐकून, एका लढतीसाठी टीव्हीपुढं बसणं परवडतं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. तो लढतीचा भाव नसून जाहिरातीचा आहे. पण शंभर डॉलर जास्त आहेत, याचा अर्थ शून्य रुपये योग्य आहेत, असा होत नाही. आणि शून्यावर अडून बसलेल्या आमच्या लोकांसाठी मला आमच्याच मातीतली एक गोष्ट सांगायची आहे. ती बँकेतल्या माणसाने सांगावी अशीच आहे, कारण तिच्यात एक गहाणखत आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण जायला पैसे नव्हते. गावोगाव हिंडून मदत गोळा करावी लागली, आणि तरीही भागेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, बैल घरी गेले. घर गहाणच होतं. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं.

मी हा व्यवहार पुष्कळदा मनात तपासला आहे. बैलगाड्यांच्या मिरवणुकीत नाचणारे किती आणि गहाणखतावर सही करणारा किती? एक! मिरवणूक फुकट होती म्हणून सगळे आले. आणि शेवटी कर्ज फिटलं ते मिरवणुकीने नव्हे, कुस्तीने. पैलवानाने घाम गाळला, पैसा उभा राहिला आणि घर मोकळं झालं. पैलवानाच्या कष्टाचं मोल पैलवानापर्यंत पोचलं की काय होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्या खातेवहीत नाही.

आणि ते पोचलं नाही की काय होतं, तेही सातारकरांनी बघितलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्याला झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. काय कुस्ती होती ती! शेवटच्या क्षणापर्यंत कुणाला श्वास घेऊ दिला नाही. गदा मिळाली, खांद्यावरून मिरवणूक निघाली. आणि नंतर त्या पोराने खंत बोलून दाखवली, की आयोजकांकडून रोख बक्षीस काही मिळालं नाही. वर्तमानपत्रांत ती छापून आली. आम्ही सगळ्यांनी चहा पिता पिता ती वाचली आणि 'अरेरे' म्हटलं. 'अरेरे'सुद्धा फुकटच असतं.

गदा खाता येत नाही, वाचकहो. पैलवानाला रोजचं दूध लागतं, तूप लागतं, बदाम लागतात, आणि बदामाचा भाव विचारून मी दुकानातून शेंगदाणे घेऊन परत आलेला माणूस आहे. हा खुराक एका शेतकऱ्याचं घर पोराच्या नावाने वर्षानुवर्षं पुरवत असतं. आमच्या बँकेत द्राक्षबागेला कर्ज आहे, ट्रॅक्टरला आहे, म्हशीला तर आहेच. पण म्हशीचं दूध पिणाऱ्या पैलवानाला नाही. तारण काय देणार? दंड? खांदा एकदा निखळला की ते तारण बुडालं.

मुलींचं तर त्याहून अवघड. महिलांची महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगली जिल्ह्यातल्याच तुंगच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली आणि पहिला मान सांगलीच्याच दिनकर दह्यारींना मिळाला होता. म्हणजे मुलींना गदेसाठी बासष्ट वर्षं थांबावं लागलं. पुरुष पैलवानाच्या मागे निदान यात्रा-जत्रांच्या इनामांची जुनी वहिवाट आहे. या पोरींचे बाप कुणाच्या भरवशावर बदाम आणतात? पहिलं तिकीट मी मुलींच्या कुस्तीचं काढीन, आणि सुटे परत मागणार नाही.

आता कुणी म्हणेल, गरीब माणसाने काय करावं? या प्रश्नाचा मला आदर आहे, पण तो विचारणारा बहुधा गरीब नसतो. मी काही शंभर डॉलर मागत नाही. पन्नास रुपये. दोन वडापाव आणि एक चहा. बारा वर्षांखालच्या पोरांना फुकट, म्हाताऱ्या पैलवानांना फुकट, आणि ज्याचा कान मोडलेला दिसेल त्याला तर खुर्ची. मैदानाला दहा हजार माणूस आलं तर पाच लाख रुपये जमा होतात, आणि यांतला एकही रुपया भाषण करत नाही! शिवाय, आत्ता तरी आपण देत नाही असं कुठं आहे? यात्रेची पाचशेची पावती दारावर येतेच. त्यातले किती कुस्तीला गेले आणि किती मंडपाला, ते त्या पावतीवरच्या सहीइतकंच अगम्य असतं.

आणि आपली माणसं कंजूष आहेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, तेव्हा भाविक त्याला नोटांच्या माळा बांधतात. रथ दिसत नाही, नोटाच दिसतात. द्यायचा हात आपल्याकडं आहे. कुस्ती ही द्यायच्या यादीत कधी आलीच नाही, एवढंच. "कुस्ती आपली परंपरा आहे, ती विकायची नसते," असं म्हणणारे भेटतात. अहो, ती विकली केव्हाच गेली आहे. मैदानाभोवतीचे फलक वाचा. विकत घेणाऱ्यांत फक्त आपलं नाव नाही, म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही. नुरा कुस्ती लागली तरी आपण शिट्टी मारून घरी येतो. तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात असेल तर माणूस निदान शिट्टी मोठी मारतो.

मात्र तिकीट काढायचं ते डोळे मिटून नव्हे. भाच्याने डोळे मिटून काढलं आणि कोर्टाने त्याला डोळे उघडून दिले. म्हणून बँकेच्या रिवाजाप्रमाणे अटी व शर्ती आधी ठरवाव्यात. एक, कुस्तीची जोड आणि इनाम दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असावं. दोन, तिकिटातून किती जमा झाले आणि त्यातले पैलवानांना किती गेले, ते मैदान संपायच्या आत ध्वनिक्षेपकावरून सांगावं. तेवढं एक भाषण मी उभा राहून ऐकेन. तीन, हरलेल्या पैलवानालाही ठरलेला वाटा मिळावा, कारण तो नसता तर जिंकणारा काय हवेशी लढणार होता? आणि चार, सत्कार जरूर व्हावेत, पण ते दुपारी एकला व्हावेत आणि त्यांना वेगळं तिकीट असावं. ते किती खपतं, हे मला एक कारकून म्हणून बघायचं आहे.

आमचे हेडकॅशिअर अजून पुरते वळलेले नाहीत. "पन्नास जास्त होतात," एवढंच ते परवा म्हणाले, म्हणजे शून्यावरून ते हलले आहेत आणि आता फक्त भावाची घासाघीस उरली आहे. तुम्हीही मनातल्या मनात तीच करत असाल, तर चाळीसला मी तयार आहे. फक्त खिडकीवर पाचशेची नोट घेऊन येऊ नका. आत कुस्ती लागलेली असेल आणि तिथं बसलेला माझ्यासारखाच कुणीतरी कारकून सुट्यासाठी गल्ला धुंडाळत असेल. त्यालाही ती बघायची असते.